‘रिनाउन’ आणि मुळशी : एका युद्धनौकेची बत्तीस वर्षं



आत येताना दोघा-तिघांनी मला विचारलं, “सर, मुळशीत बसून ब्रिटिश आरमाराचं काय सांगणार?” प्रश्न रास्त आहे. इथून ताम्हिणी उतरून माणगाव गाठलं तरी समुद्र लांबच राहतो. शिवाय मी इतिहासाचा माणूस नाही, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे युद्धनौकांबद्दल बोलण्याचा माझा अधिकार तसा बेताचाच. पण झालं असं, की मुळशी सत्याग्रहाबद्दल वाचत असताना १९२१ सालच्या घटना मी एका कागदावर महिनावार लिहून काढत होतो. एप्रिलच्या रकान्यात सत्याग्रहाची सुरुवात, डिसेंबरच्या रकान्यात दुसरी फेरी. मधे नोव्हेंबरच्या रकान्यात एक जहाज येऊन उभं राहिलं. ते काही केल्या हलेना. तेव्हा म्हटलं, हे कोण आहे ते एकदा बघूच.

जहाजाचं नाव ‘रिनाउन’. एच.एम.एस. रिनाउन. रिनाउन म्हणजे कीर्ती. जात बॅटलक्रूझर. ही जात काय असते, ते दोन मिनिटांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश आरमाराचे प्रमुख होते ॲडमिरल फिशर. गंमत म्हणजे या गृहस्थांचा जन्म सिलोनचा. त्यांची कल्पना अशी, की बॅटलशिपच्या तोलामोलाच्या तोफा घ्यायच्या, पण अंगावरचं चिलखत पातळ ठेवायचं. जे वजन वाचेल ते इंजिनांना द्यायचं. असं जहाज आपल्याहून दुबळ्याला पळत जाऊन गाठेल आणि आपल्याहून बलवानापासून पळून जाईल. वेग हेच चिलखत, असा हा विचार. कागदावर अतिशय देखणा. ज्याला तर्कशास्त्र आवडतं त्याच्या तर तो चटकन प्रेमात पडावा. फक्त एक गृहीतक त्यात दडलेलं आहे: समोरच्याचा गोळा आपल्याला लागणार नाही.

‘रिनाउन’चा पाया ग्लासगोजवळ गोव्हनच्या फेअरफील्ड गोदीत २५ जानेवारी १९१५ ला घातला गेला. हा फिशरसाहेबांचा वाढदिवस. त्याच दिवशी जवळच क्लाइडबँकला तिच्या जुळ्या बहिणीचा, ‘रिपल्स’चा पाया घातला. पहिलं महायुद्ध चालू होतं, घाई प्रचंड होती. वीस महिन्यांत जहाज तयार! लांबी सुमारे २४२ मीटर, पंधरा इंची तोफा सहा, वेग बत्तीस नॉट म्हणजे ताशी साठ किलोमीटरच्या जवळ, इंजिनांची ताकद १ लाख १२ हजार अश्वशक्ती. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे. आणि मुख्य चिलखत फक्त सहा इंच.

पण जहाज पुरं व्हायच्या आत, ३१ मे १९१६ ला, जटलंडची लढाई झाली. त्या एका दिवसात ब्रिटिशांच्या तीन बॅटलक्रूझर स्फोट होऊन बुडाल्या. प्रत्येकीवर हजाराच्या आसपास माणसं, वाचली ती हातावर मोजण्याइतकी. जर्मन गोळे लागत होते, हो. गृहीतक कोसळलं. म्हणजे सप्टेंबर १९१६ मध्ये ‘रिनाउन’ सेवेत आली ती आपल्या सिद्धान्ताच्या मृत्यूनंतर. लगेच तिला परत गोदीत नेऊन सुमारे ५०० टनांचं जादा चिलखत चढवलं. पुढे हे इतक्यांदा झालं, की खलाशी ‘रिनाउन’ आणि ‘रिपल्स’ या जोडीला ‘रिफिट’ आणि ‘रिपेअर’ म्हणायला लागले. खलाशांची विनोदबुद्धी सगळीकडे सारखीच असावी.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ‘रिनाउन’ने उत्तर समुद्रात गस्ती घातल्या होत्या, पण शत्रूच्या एकाही युद्धनौकेवर तोफ डागलेली नव्हती. मग एवढ्या मोठ्या जहाजाचं करायचं काय? ब्रिटिश सरकारने एक उपयोग शोधला. युवराजाला त्यात बसवायचं आणि साम्राज्यभर फिरवायचं. १९१९ ला कॅनडा आणि अमेरिका. १९२० ला ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. आणि १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये पोर्ट्समथहून निघून हिंदुस्थान.

इथे जरा थांबू या. युद्धनौका लढण्यासाठी असते असं आपण म्हणतो. पण तिच्या आयुष्यातले बहुतेक दिवस ती काय करते? ती दिसते. बंदरात नांगर टाकून उभी राहते आणि लोक तिच्याकडे बघतात. त्या बघण्यातून जे मनावर ठसतं, तेच तिचं खरं काम. तोफ न डागता तोफेचा परिणाम. साम्राज्याला हे फार स्वस्तात पडतं, कारण दारूगोळ्याऐवजी बघणाऱ्याची नजर खर्च होते. आता यात एक अडचण आहे. बघणाऱ्याने बघायचंच नाही असं ठरवलं तर?

१७ नोव्हेंबर १९२१ ला ‘रिनाउन’ मुंबई बंदरात आली. युवराज एडवर्ड अपोलो बंदरावर उतरले. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा अर्धंच बांधून झालं होतं. पायाचा दगड १९१३ चा, उद्घाटन थेट डिसेंबर १९२४ चं. सोळा वर्षांपूर्वी, १९०५ साली, या युवराजाचे वडील असेच युवराज म्हणून मुंबईला उतरले होते आणि त्यांच्या जहाजाचं नावही ‘रिनाउन’च होतं. जहाज वेगळं, आधीच्या पिढीतलं. मुलगा नवा, जहाज नवं, नाव तेच. तमाशातल्या गणासारखं, दर वेळी पहिल्यापासून सुरू.

पण १९०५ चे प्रेक्षक आता राहिले नव्हते. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता. युवराज दक्षिण मुंबईतून मिरवत चालले असताना परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली. शहराने पाठ फिरवली, असं लिहून मी पुढे जाऊ शकलो असतो. तसं सांगणारे आहेतही. पण ते खरं नाही. कारण त्याच दिवशी दंगल उसळली. स्वागताला गेलेल्या लोकांवर, त्यातही पारशी, अँग्लो-इंडियन, ज्यू यांच्यावर जमाव तुटून पडला. मग उलट हल्ले झाले, पोलिसांचा आणि लष्कराचा गोळीबार झाला. तीन-चार दिवसांत पन्नासहून अधिक माणसं गेली. गांधीजींनी उपोषण केलं, शहर शांत झाल्यावरच सोडलं. ज्यांनी बघायचं नाही असं ठरवलं, त्यांच्यातल्या काहींनी दुसऱ्यालाही बघू द्यायचं नाही असं ठरवलं. ‘मी पाठ फिरवतो’ आणि ‘तुझी मान मी फिरवतो’ या दोन वाक्यांमध्ये नीतिशास्त्राचं एक अख्खं पुस्तक बसतं. असहकाराची खरी परीक्षा त्या दिवशी मुंबईत झाली आणि तिच्यात आपण नापास झालो, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही, कारण खुद्द गांधीजींचं मत याहून सौम्य नव्हतं.

पुढे डिसेंबरमध्ये अलाहाबादला मात्र युवराज आले तेव्हा रस्ते ओस होते. नुसते ओस. ना दगड, ना घोषणा. त्याला म्हणायचं पाठ फिरवणं.

मुंबई धुमसत असतानाच युवराज पुण्याला आले. १९ नोव्हेंबरला भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला, त्यांच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या स्मारकाची पायाभरणी झाली. पुढाकार कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा. तिथला अश्वारूढ पुतळा आपण सगळ्यांनी पाहिलाय, शिल्पकार विनायकराव करमरकर, अनावरण १९२८ चं. साम्राज्याचा वारस शिवाजी महाराजांच्या स्मारकाचा दगड बसवतो, याची पुष्कळांना चीड येते, पुष्कळांना हसू येतं. मला त्यात शाहू महाराजांचा हिशेब दिसतो. पुण्यात शिवाजी महाराज कोणाचे, हा वाद तेव्हा पेटलेला होता. ब्राह्मणेतरांच्या पुढाकाराने स्मारक व्हावं आणि त्याला कोणी हात लावू शकू नये, यासाठी सगळ्यात मोठा शिक्का त्यांनी वापरला. साम्राज्य त्यांना वापरत होतं आणि ते साम्राज्याला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात शाहू महाराज गेले.

आता आपल्या गावाकडे या. भांबुर्ड्याचा तो मांडव आणि मुळशी पेटा यांत अंतर किती? चाळीसेक किलोमीटर. त्या नोव्हेंबरात मुळशीत काय चाललं होतं?

टाटा पॉवर कंपनीला मुळा नदी अडवून धरण बांधायचं होतं. पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडायचं, वीज करायची, ती मुंबईला न्यायची. गिरण्यांना, रेल्वेला. त्यात पन्नासच्या वर गावं आणि दहा-अकरा हजार माणसं येत होती. आणि जमीन कुठली, तर आंबेमोहराची. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. हजार-बाराशे मावळे, बायका-मुलांसह, धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडलं. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहून टाटांना विचार करायला सांगितलं. कंपनीने सहा महिने काम थांबवायचं कबूल केलं. मधल्या काळात सरकार भूसंपादनाच्या कायद्याने जमीन घ्यायच्या मार्गाला लागलं. डिसेंबरमध्ये सत्याग्रह पुन्हा सुरू झाला आणि १९२४ पर्यंत रेटला गेला. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट तुरुंगाच्या वाऱ्या करत राहिले. ‘सेनापती’ ही पदवी बापटांना याच लढ्याने दिली.

म्हणजे ‘रिनाउन’ आली ती बरोबर या दोन फेऱ्यांच्या मधे.

मी मघाशी म्हटलं, युद्धनौका दिसण्यासाठी असते. मावळ्यांनीही तेच केलं नव्हतं का? धरणाच्या चरात जाऊन बसायचं म्हणजे काय? तर आम्ही इथे आहोत, आम्हाला बघा, आम्हाला ओलांडून फावडं चालवता येणार नाही. जहाजाकडे बघणाऱ्यांची कमतरता नव्हती, युवराजासोबत बातमीदारांचा आणि छायाचित्रकारांचा ताफा होता. मुळशीच्या शेतकऱ्याकडे बघणारे पुण्याचे काही कार्यकर्ते आणि मराठी पत्रं. आणि त्यातही एक खाच आहे. प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा अभ्यास केला, त्यात ती नीट दाखवलेली आहे. इथली बरीच जमीन सावकारांच्या नावावर गेलेली होती आणि सावकार पुण्याचे. लढ्याच्या आघाडीवरही त्यांतले काही. नुकसानभरपाईचा आकडा बरा दिसू लागला तसा त्यांचा उत्साह ओसरला. जो नांगर धरत होता त्याचं नाव कागदावर नव्हतं, त्याला कसली भरपाई? म्हणजे आपल्याच माणसांना आपलाच कूळ दिसला नाही.

आता तो आकडा. १ लाख १२ हजार अश्वशक्ती म्हणजे साधारण ८३ मेगावॉट. भिऱ्याचं जुनं वीजकेंद्र आज १५० मेगावॉटचं आहे. म्हणजे ज्या विजेसाठी पन्नास गावं उठली, तिच्या निम्म्याहून अधिक ताकद एका राजपुत्राला बंदराबंदरांतून मिरवणाऱ्या जहाजाच्या पोटात होती. ही तुलना थोडी अन्यायाची आहे, मला कल्पना आहे. जहाज बांधलं ते युद्धासाठी, आणि वीज मुंबईच्या कामगारालाही मिळाली. तरी आकडे शेजारी ठेवून बघायला हरकत नाही.

जहाजाकडे परत जातो. युवराज मार्च १९२२ मध्ये कराचीहून निघाले आणि पुढे जपानला गेले. ब्रिटन-जपान मैत्रीचा जुना करार मोडीत निघत असतानाच ही सदिच्छा भेट चालली होती. युवराजाच्या सोबत एक तरुण आरमारी अधिकारी होता, लुई माउंटबॅटन. याच दौऱ्यात दिल्लीला त्याचं लग्न ठरलं. हे गृहस्थ परत यायचे आहेत.

त्याच फेब्रुवारीत वॉशिंग्टनला नौदलांवर मर्यादा घालणारा तह झाला. बड्या युद्धनौका बांधायला बंदी. या तहामुळे आपल्या जहाजाचं आयुष्य वाढलं. नवीन बांधता येत नाही म्हणून जुन्याची डागडुजी करा! १९२७ साली धाकट्या राजपुत्राला, ड्यूक ऑफ यॉर्कला, ऑस्ट्रेलियाला नेऊन आणलं. आणि सप्टेंबर १९३६ मध्ये ‘रिनाउन’ पोर्ट्समथच्या गोदीत शिरली ती तीन वर्षं बाहेर आलीच नाही. त्याच डिसेंबरात तिचा जुना प्रवासी, आता आठवा एडवर्ड, गादी सोडून गेला. ड्यूक ऑफ यॉर्क राजा झाला.

गोदीत काय झालं ऐका. जुने ४२ बॉयलर काढून ८ नवे बसवले. इंजिनं बदलली. वरचा सगळा सांगाडा उतरवून नवा चढवला. धुराडी नवी, दुय्यम तोफा नव्या, विमानं ठेवायला जागा केली. राहिलं ते कवच, त्या सहा जुन्या तोफा आणि नाव. आता तत्त्वज्ञानाच्या मास्तरला इथे गप्प बसवत नाही. ग्रीकांचा थीसियसच्या जहाजाचा प्रश्न तुम्ही ऐकला असेल, एकेक फळी बदलत गेलो तर जहाज तेच का? आपल्याकडे त्याहून नेटका प्रश्न आहे, नागसेनाने मिलिंद राजाला विचारलेला: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ का? राजा नाही-नाही म्हणत जातो. शेवटी रथ हे नुसतं नाव उरतं. मी वर्गात हा संवाद पुष्कळदा शिकवला. पण मुळशीबद्दल वाचल्यावर तो मला वेगळा लागू लागला. जहाजाची एकेक फळी बदलली तरी सरकारी दप्तर म्हणतं, हे तेच जहाज. गाव मात्र एका फटक्यात उठवलं, दुसऱ्या डोंगरावर वसवलं, तेच नाव दिलं, आणि दप्तर म्हणतं, हे तेच गाव. नागसेनाला विचारायला हवं होतं.

सप्टेंबर १९३९. नवी ‘रिनाउन’ तयार आणि दुसरं महायुद्ध सुरू. आता मात्र ती लढली. ९ एप्रिल १९४० च्या पहाटे नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ, बर्फाच्या वादळात, समोर जर्मनीच्या दोन युद्धनौका आल्या, ‘शार्नहोर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाउ’. ‘रिनाउन’ने तोफा डागल्या. पाण्यात उतरल्यापासून चोवीस वर्षांनी शत्रूच्या युद्धनौकेवर तिचा पहिला गोळा! तिचे गोळे ‘ग्नायझेनाउ’ला लागले, तिलाही दोन लागले, पण फारसं काही झालं नाही. खवळलेल्या समुद्रात जर्मन जहाजं निसटली. फिशरसाहेबांची कल्पना अशी उलटी खरी झाली. पळून गेले ते दुसरेच.

मग जिब्राल्टर, भूमध्य समुद्र, ‘बिस्मार्क’चा पाठलाग. हे सगळं मोठं आहे, पण पुस्तकांत सापडेल. एकच सांगतो. ९ फेब्रुवारी १९४१ ला ‘रिनाउन’ आणि तिच्या सोबतच्या जहाजांनी इटलीच्या जिनोआ शहरावर मारा केला. शंभराहून अधिक नागरिक मेले. एक गोळा तिथल्या कॅथेड्रलचं छप्पर फोडून आत आला आणि फुटलाच नाही. तो ‘मलाया’ या दुसऱ्या जहाजाचा मानतात. लोकांनी तो अजून तिथे जपून ठेवलाय.

बहिणीचं काय झालं? ‘रिपल्स’ला सिंगापूरकडे पाठवलं होतं. १० डिसेंबर १९४१ ला मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी तिला बुडवलं. तिच्या सोबत जे दुसरं मोठं जहाज बुडालं, त्याचं नाव ‘प्रिन्स ऑफ वेल्स’. १९२२ साली युवराजाने ज्या जपानला सदिच्छा भेट दिली होती, त्याच जपानच्या विमानांनी हे केलं. योगायोगातून अर्थ काढू नये असं मी विद्यार्थ्यांना सांगत आलो, म्हणून अर्थ काढत नाही.

१९४४ च्या जानेवारीत ‘रिनाउन’ परत आपल्या समुद्रात आली. मुक्काम सिलोन, फिशरसाहेबांची जन्मभूमी. आणि त्या भागातल्या दोस्तांच्या फौजांचे सरसेनापती कोण? माउंटबॅटन. ३० एप्रिल आणि १ मेला तिने अंदमान-निकोबारवर, कार निकोबार आणि पोर्ट ब्लेअरवर, तोफा डागल्या. १९४२ पासून बेटं जपानच्या ताब्यात होती, आणि १९४३ च्या डिसेंबरात सुभाषबाबूंनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता. तिथल्या लोकांवर जपान्यांनी जे अत्याचार केले ते भयंकर होते, तेव्हा या माऱ्याकडे एकाच डोळ्याने बघता येत नाही. पण तोफांचा रोख कुठे आहे पाहा. जिथे सेल्युलर जेल उभं, जिथून १९२१ च्या मे महिन्यात, म्हणजे मुळशीचे मावळे पहिल्यांदा बसले त्याच्या पुढच्याच महिन्यात, सावरकर बंधूंना बाहेर काढलं, त्या पोर्ट ब्लेअरवर. वरून कुठला का झेंडा असेना, खाली बेटावर राहणारी माणसं आपलीच होती.

२ ऑगस्ट १९४५ ला प्लिमथ बंदरात या जहाजावर शेवटचा मोठा समारंभ झाला. पॉट्सडॅमहून अमेरिकेला परतणारे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना राजे सहावे जॉर्ज, म्हणजे १९२७ चे तेच ड्यूक ऑफ यॉर्क, ‘रिनाउन’वर भेटले. जेवण झालं. चार दिवसांनी हिरोशिमावर बाँब पडला, आणि पंधरा इंची तोफांचं युग एका सकाळीत जुनं झालं.

फेब्रुवारी १९४८ मध्ये शेवटची ब्रिटिश पलटण गेटवेतून बाहेर पडली. जूनमध्ये माउंटबॅटन गेले. ऑगस्टमध्ये ‘रिनाउन’ भंगारात विकली गेली आणि स्कॉटलंडमध्ये फासलेनला तिचे तुकडे झाले. शेवटपर्यंत तग धरलेली ब्रिटिश बॅटलक्रूझर तीच.

[श्रोत्यांमधून प्रश्न : पण सर, या जहाजाचा आणि मुळशीच्या धरणाचा थेट संबंध काय?]

थेट संबंध काहीही नाही. हे बरं झालं तुम्ही विचारलंत. जहाज आलं नसतं तरी धरण झालंच असतं. एका वेळी घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही. मी फक्त एकच आठवडा दोन ठिकाणांहून बघितला. अपोलो बंदरावरून काय दिसतं आणि मुळेच्या काठावरून काय दिसतं. त्या आठवड्यात जे जे छापून आलं, त्यातलं बहुतेक अपोलो बंदरावरून लिहिलेलं आहे. मुळेच्या काठावरचं बरंचसं बोललं गेलं, लिहिलं गेलं नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात जुने सात-बारे, भरपाईचे कागद, आजी-आजोबांच्या आठवणी असतील, त्यांनी त्या लिहून ठेवा, कागदांचे फोटो काढून ठेवा. सभा संपल्यावर मी इथेच खाली बसलेला आहे. कुणी काही आणलं असेल तर दाखवा.